२१० मेगावॅटच्या जुन्या संचाचा हीट रेट: २,६४० चा हिशेब कुठे लागतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २१० मेगावॅटचा कोळशावरचा संच, वय तीसच्या पुढे, वाफेचा दाब १५० किलो (दर चौरस सेंटिमीटरला), तापमान ५३५/५३५ अंश (मुख्य वाफ/पुन्हा तापवलेली म्हणजे रिहीट वाफ). डिझाइनमध्ये टर्बाइनचा हीट रेट (एक युनिट वीज बनवायला लागणारी उष्णता) दर युनिटला २,००० किलोकॅलरी आणि बॉयलरची कार्यक्षमता ८६ टक्के, म्हणजे पूर्ण संचाचा हीट रेट २,३२५ यायला हवा. कोळशाच्या हिशेबातून मात्र दर महिन्याला २,६४० निघतो. सोबत दिलेले आकडे: लोड १९५ ते २०५ मेगावॅट, कंडेन्सरमधला (वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या भागातला) दाब पाऱ्याचे १०२ मिमी (डिझाइन ७६), थंड पाणी ३२ अंशांनी आत आणि ४१.५ अंशांनी बाहेर, शेवटचा एचपी हीटर (बॉयलरला जाणारे पाणी टर्बाइनच्या वाफेने तापवणारा) सहा महिने बंद, रिहीट स्प्रे (रिहीट वाफ थंड करायला मारलेले पाणी) तासाला २० टन, मुख्य वाफ ५२८ अंश, धुराचे तापमान पॅनेलवर १४२ अंश, ऑक्सिजन एअर प्रीहीटरच्या (धुराच्या उष्णतेने ज्वलनाची हवा तापवणाऱ्या यंत्राच्या) आधी ३.६ आणि नंतर ७ टक्के, उडत्या राखेत न जळलेला कार्बन २.१ टक्के, कोल्ड रिहीट (टर्बाइनच्या उच्च दाबाच्या म्हणजे एचपी सिलिंडरमधून बाहेर पडणारी वाफ) डिझाइनपेक्षा १० अंश गरम, मेकअप (गमावलेल्या पाण्याच्या जागी भरलेले पाणी) २.२ टक्के, ऑक्झिलरी (संचाने स्वतःच वापरलेली वीज) ९.६ टक्के. विचारणा अशी, की एवढ्या जुन्या संचावर खर्च करण्यात अर्थ आहे का, आणि असेल तर सुरुवात कुठून करायची.

अर्थ नक्की आहे. खाली 'युनिट' म्हटले की किलोवॅट-तास समजा, यंत्राला मी 'संच' म्हणतो.

आधी १० किलोकॅलरींची किंमत डोळ्यांसमोर आणू. हा संच वर्षभर ८० टक्के भारांकावर (क्षमतेच्या सरासरी ८० टक्क्यांवर) चालला तर सुमारे १४७ कोटी युनिट बनवतो. प्रत्येक युनिटमागे १० किलोकॅलरी वाचल्या आणि कोळसा ३,६०० किलोकॅलरीचा धरला तर वर्षाला ४,१०० टन कोळसा वाचतो. म्हणजे कोळशाची जवळजवळ एक अख्खी मालगाडी, रेक. यापुढे प्रत्येक दोषापुढे किलोकॅलरीचा आकडा येईल, तेव्हा दर दहाला एक रेक असे मनात धरत चला.

पण २,६४० हा आकडा खरा आहे का, हे पाहिल्याशिवाय बॉयलरला हात लावू नका. कोळशाचे वजन गुणिले उष्मांक भागिले युनिट, असा हा हिशेब. वजनात फीडर किंवा बेल्टच्या काट्याची चूक असते. ती महिन्यातून एकदा साखळीने किंवा ठरावीक वजनाने पडताळली की सापडते. उष्मांकातली चूक जास्त लपलेली असते. प्रयोगशाळा हवेत वाळवलेल्या नमुन्याचा उष्मांक मोजते आणि तो एकूण ओलाव्यावरून 'जसा आला तसा' कोळशावर आणते. सूत्र साधे आहे: वाळवलेल्याचा उष्मांक × (१०० − एकूण ओलावा) ÷ (१०० − नमुन्यातला ओलावा).

आता नमुन्याची पिशवी दुपारभर उघडी राहिली असे समजा. कोळशात खरा ओलावा १६ टक्के होता, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो १२ भरला. वाळवलेल्याचा उष्मांक ४,००० आणि त्यातला ओलावा ६ टक्के असेल, तर १२ टक्क्यांवरून ३,७४५ निघतात, १६ टक्क्यांवरून ३,५७४. फरक १७१ किलोकॅलरी, म्हणजे साडेचार टक्के. २,६४० वर साडेचार टक्के म्हणजे १२० किलोकॅलरी. संचात काहीही न बिघडता केवळ पिशवीची गाठ सैल राहिल्यामुळे हीट रेट १२० ने फुगतो. ओलाव्याचा नमुना वेगळा घ्या, बंकरवर पडणाऱ्या बेल्टवरून घ्या, हवाबंद डब्यात भरा आणि डब्यासकट वजन तिथल्या तिथे टिपा. मोठे तुकडे टाळून भुकटी उचलण्याची सवयही मोडायला हवी, कारण भुकटीतली राख आणि ओलावा दोन्ही वेगळे असतात. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींतून येणाऱ्या कोळशात पावसाळ्यात ओलावा रोज बदलतो. तेव्हा आठवड्याची सरासरी चालत नाही, पाळीगणिक नमुना लागतो.

पडताळणीचा दुसरा रस्ताही आहे. बॉयलरची कार्यक्षमता नुकसानीच्या पद्धतीने काढा (धूर, ओलावा, कार्बन, भिंतींतून जाणारी उष्णता), टर्बाइनचा हीट रेट फीडवॉटरच्या (बॉयलरला जाणाऱ्या पाण्याच्या) प्रवाहावरून काढा आणि टर्बाइनच्या हीट रेटला बॉयलरच्या कार्यक्षमतेने भागा. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून हा मार्ग २,५०० ते २,५२५ च्या आसपास जातो. मी २,५२० धरतो. म्हणजे खरी तफावत ३१५ नसून १९५ ची आहे. वरचे १२० प्रयोगशाळेत आणि नमुना घेणाऱ्याच्या हातात आहेत, ते कोणत्याही ओव्हरहॉलमध्ये सापडणार नाहीत.

१९५ पैकी सगळ्यात मोठा वाटा कंडेन्सरचा. या आकाराच्या संचाला दाब १ मिमीने बिघडला की साधारण २ किलोकॅलरी जातात. १०२ आणि ७६ मधला फरक २६ मिमी, म्हणजे ५० किलोकॅलरी. हे पन्नास मिळवायला नवे यंत्र लागत नाही, म्हणून सुरुवात इथूनच करा.

व्हॅक्यूम (कंडेन्सरमधला कमी दाब) वाईट आहे एवढे लिहून थांबू नका, ते तीन तुकड्यांत मोडा. ७६ मिमीला वाफेचे पाणी ४६ अंशांवर होते, १०२ मिमीला ५२ अंशांवर. डिझाइनचे ४६ असे बनतात: पाणी ३२ ने आत, वाढ ९.५, आणि बाहेर पडणारे पाणी व वाफ यांच्यातला फरक ४.५. तुमच्याकडे आत ३२, म्हणजे कूलिंग टॉवर सध्या दोषी नाही. वाढ ९.५, म्हणजे पाण्याचा प्रवाहही पुरेसा आहे. पूर्ण लोडला कंडेन्सर तासाला सुमारे २३५ गिगाकॅलरी उष्णता बाहेर टाकतो. प्रवाह तासाला २५,००० घनमीटर असेल तर वाढ साडेनऊच्या आसपास येते, प्रवाह १८,००० वर घसरला असता तर ती १३ झाली असती. उरला शेवटचा तुकडा: ५२ वजा ४१.५, म्हणजे साडेदहा. सगळे सहा अंश इथे गेले आहेत. त्याची कारणे दोनच. एक तर नळ्यांना आतून थर बसला आहे, नाहीतर वाफेच्या बाजूला हवा शिरते आहे.

दोन्हींतला फरक ओळखायला सोपी चाचणी आहे. लोड स्थिर ठेवून राखीव इजेक्टर (हवा ओढून काढणारे उपकरण) किंवा व्हॅक्यूम पंप सुरू करा. पंधरा मिनिटांत ४–५ मिमी सुधारणा दिसली तर हवा आहे. काटा हललाच नाही तर नळ्यांकडे वळा. दुसरी खूण हॉटवेलमध्ये, म्हणजे कंडेन्सरच्या तळच्या पाण्याच्या टाकीत असते. पाणी वाफेच्या तापमानापेक्षा ३–४ अंशांनी थंड असेल आणि त्यातला विरघळलेला ऑक्सिजन चढलेला असेल तर हवेचा संशय पक्का होतो. तिसरी खूण म्हणजे व्हॅक्यूम ड्रॉप चाचणी: लोड थोडे उतरवून हवा ओढणारा व्हॉल्व्ह बंद करायचा, पहिला मिनिट सोडून पुढच्या पाच मिनिटांत दर मिनिटाला किती मिमी पडतात ते टिपायचे. २–३ च्या आत असेल तर ठीक, ५ च्या वर गेले तर गळती शोधायलाच हवी. ट्रिपचा आकडा जवळ आला तर चाचणी तिथेच थांबवा.

हवा शिरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. एलपी (कमी दाबाच्या) टर्बाइनची ग्लँड (शाफ्टभोवतीचे सील) आणि तिच्या सीलिंग वाफेचा दाब, एलपीच्या डोक्यावरचे डायफ्राम, व्हॅक्यूम ब्रेकर व्हॉल्व्हचा पाणसील, कंडेन्सेट पंपाची ग्लँड, हॉटवेलच्या लेव्हल गेजचे नट, पहिल्या एलपी हीटरच्या व्हेंट आणि ड्रिपच्या ओळी, आणि कंडेन्सरच्या मानेवरचा एक्स्पान्शन जॉइंट. चालू संचावर हेलियमने शोध घेता येतो. बंद संचावर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे वाफेची बाजू डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने एलपी ग्लँडच्या खालपर्यंत भरून झिरपणारी जागा डोळ्यांनी पाहणे. कंडेन्सर स्प्रिंगांवर बसवलेला असेल तर पाणी भरण्याआधी खाली जॅक लावायचेच, नाहीतर पाण्याचे सगळे वजन स्प्रिंगांवर आणि मानेवर येते.

थर असेल तर त्याची जात पाहा. मऊ चिखल आणि शेवाळ नळ्यांतून सफाईच्या गोळ्या सोडून किंवा पाण्याच्या जेटने निघते, संच साठ टक्के लोडवर आणून एकेक अर्धा कंडेन्सर मोकळा करता येतो. कार्बोनेटचा कडक थर जेटला दाद देत नाही, त्याला इनहिबिटर (धातू वाचवणारे रसायन) घालून आम्लाने धुणे लागते. थर का बसला हे न पाहता धुतले तर चार महिन्यांत तो परत येतो. ब्लोडाउन (क्षार साठलेले पाणी सोडणे) कमी करून पाण्याची आवर्तने वाढवली, म्हणजे तेच पाणी जास्त वेळा फिरवले, आणि रसायनांचा डोस तेवढाच ठेवला, हे नेहमीचे कारण. पाण्याचा स्रोत बदलला तर डोस नव्याने ठरवावा लागतो. कोराडीला नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी येते. अशा पाण्यात फॉस्फेट आणि अमोनिया असतात: फॉस्फेट थर बसवतो, अमोनिया पितळी नळ्या खातो. ट्यूबशीटवर (नळ्यांची टोके बसवलेल्या पाटीवर) प्लास्टिकचे तुकडे दिसले तर ते बहुधा कूलिंग टॉवरच्या फिलचेच (पाणी पसरवणाऱ्या थरांचेच) असतात, म्हणजे दुरुस्ती टॉवरमध्येही करायची आहे.

टॉवरबद्दल एक समजूत दुरुस्त करतो. चंद्रपूर-नागपूर पट्ट्यात मे महिन्यात पारा ४६ ला जातो म्हणून व्हॅक्यूमही मे महिन्यात सर्वांत वाईट असणार, असे धरले जाते. कूलिंग टॉवर मात्र कोरड्या तापमानावर चालत नाही, तो वेट बल्बवर (ओल्या कापडातल्या तापमापकाच्या आकड्यावर) चालतो. मे महिन्यातली हवा कोरडी असते. वेट बल्ब चढतो तो जून-जुलैत दमट हवा आली की. म्हणून फिल बदलणे, नोझल साफ करणे, पंख्यांचा कोन नीट करणे ही कामे पावसाआधी संपवा आणि टॉवरची तुलना वेट बल्बशीच करा.

आता फीड हीटर. शेवटचा एचपी हीटर बंद असल्यामुळे फीडवॉटर २४५ ऐवजी २१५ अंशांवर बॉयलरला जात असेल. दर अंशाला सुमारे ०.७ किलोकॅलरी, म्हणजे २० गेल्या. हीटर बाहेर असताना मेगावॅट थोडे चढतात, कारण तिकडे जाणारी वाफ टर्बाइनमधून पुढे जाते. त्यामुळे पाळीवर कुणाला त्याची बोच लागत नाही. पण तेवढीच वाफ बनवायला भट्टीत कोळसा जास्त जळतो, धूर वाढतो, सुपरहीटर-रिहीटर तापतात आणि स्प्रे उघडावा लागतो. तुमच्या २० टन रिहीट स्प्रेचा काही भाग या बंद हीटरमुळेच आहे. हीटर घेताना पाण्याचे तापमान मिनिटाला २–३ अंशांपेक्षा वेगाने चढवू नका. घाईने घेतलेल्या हीटरच्या नळ्या ट्यूबशीटपाशी फुटतात आणि मग तो पुन्हा सहा महिने बाहेर राहतो. चालू हीटरमध्ये दोन गोष्टी बघा. बायपासची ओळ येऊन मिळते त्या जोडाच्या आधी आणि नंतर पाण्याचे तापमान सारखे आहे का? फरक असेल तर थंड पाणी बायपासमधून शिरते आहे. आणि इमर्जन्सी ड्रिपची (हीटरमध्ये जमलेले पाणी सोडणारी) ओळ कंडेन्सरकडे गरम लागते का? लागत असेल तर हीटरची उष्णता सरळ कंडेन्सरमध्ये जाते, दोन्हीकडून तोटा.

रिहीट स्प्रे सुपरहीट स्प्रेपेक्षा खूप महाग पडतो. ते पाणी एचपी सिलिंडर चुकवून ३८ किलो दाबावरच वाफ बनते, दीडशे किलोच्या वाफेचे काम ते कधी करतच नाही. रिहीट प्रवाहाच्या १ टक्का स्प्रेला हीट रेट सुमारे ०.२ टक्के चढतो. तुमचे २० टन म्हणजे साडेतीन टक्के, किंमत १६ किलोकॅलरी. हीटर परत आल्यावर वॉल ब्लोअर (भट्टीच्या भिंतींवरची राख झाडणारे) नियमित मारा, बर्नरचे टिल्ट (वर-खाली झुकणे) चारही कोपऱ्यांत एकाच कोनात हलतात का ते भट्टीजवळ उभे राहून पाहा (पॅनेलवरचा काटा अनेकदा एकट्याच कोपऱ्याचा असतो), आणि शक्य तिथे खालच्या मिल्सवर (कोळसा दळणाऱ्या यंत्रांवर) चालवा. मुख्य वाफ ५२८ वर असताना रिहीटला स्प्रे लागतो, याचा अर्थ सुपरहीटचा स्प्रे व्हॉल्व्ह बहुधा बंद असूनही गळतो आहे. ब्लॉक व्हॉल्व्ह बंद करून स्प्रेच्या आधीचे आणि नंतरचे तापमान ताडून पाहा. ते ७ अंश परत आले की आणखी ५ किलोकॅलरी मिळतात.

बॉयलरच्या शेपटीकडे येऊ, कारण इथे पॅनेल फसवते. धुराचे तापमान १४२ दिसते, डिझाइन १४०, म्हणून सगळे ठीक वाटते. पण ऑक्सिजन पाहा: प्रीहीटरच्या आधी ३.६, नंतर ७. गळती = (७ − ३.६) ÷ (२१ − ७) × ९०, म्हणजे जवळजवळ २२ टक्के. एवढी थंड हवा धुरात मिसळून तो पातळ झाला आहे. ती हवा बाजूला काढून हिशेब केला तर १४२ मध्ये सुमारे २२ अंश मिळवावे लागतात. धूर प्रत्यक्षात १६४ अंशांवर निघतो आहे. डिझाइनपेक्षा २४ अंश जास्त. दर २२ अंशांना बॉयलरची कार्यक्षमता १ टक्क्याने घसरते, म्हणजे सुमारे ३० किलोकॅलरी. पॅनेलवरच्या आकड्यात यातल्या जेमतेम २–३ दिसतात.

गळती आणि गरम धूर हे दोन वेगळे रोग आहेत. गळती रेडियल, ॲक्सियल आणि परिघावरच्या सीलांमधून होते. सेक्टर प्लेट गरम अवस्थेत वाकते, म्हणून सील थंड असताना निर्मात्याच्या मापाने बसवावे लागते आणि रोटर एक फेरा हाताने फिरवून प्रत्येक डायाफ्राम प्लेटला फीलर गेज लावून पाहावे लागते. तीन-चार ठिकाणी तपासून 'सील झाले' असे लिहिले की पुढच्या महिन्यात ऑक्सिजन पुन्हा ७ वर जातो. गळतीचा थेट भार आयडी फॅनवर (धूर ओढणाऱ्या पंख्यावर) पडतो. गळती १० वरून २२ टक्क्यांवर गेली तर फॅनला ११ टक्के जास्त वायू ओढावा लागतो, आणि वीज प्रवाहाच्या तिसऱ्या घाताने वाढते: एक तृतीयांशाहून जास्त. ओल्या कोळशाच्या दिवसांत आयडी फॅन पूर्ण उघडून लोड अडते, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

धूर गरम का, याचे उत्तर बहुतेक वेळा प्रीहीटरमध्ये नसते. त्यातून हवाच कमी जात असते. धुराला थंड करायचे काम या हवेचे. ती दुसऱ्या वाटेने बॉयलरमध्ये शिरली की धूर गरमच बाहेर पडणार. अशा वाटा दोन. पहिली, मिलची टेम्परिंग हवा (तापमान आवरायला मिसळलेली थंड हवा). थंड हवेचा डॅम्पर बंद असूनही गळत असेल, किंवा मिलला गरजेपेक्षा जास्त हवा दिली जात असेल, तर प्रत्येक टन थंड हवा प्रीहीटर टाळून जाते. मिलचे बाहेरचे तापमान ६५ वर ठेवले जात असेल तर कोळशाच्या व्होलाटाइलनुसार ते ८०–८५ पर्यंत नेता येते का, हे सुरक्षेची मर्यादा पाहून ठरवा. दुसरी वाट भट्टीची. बॉटम ॲश हॉपरच्या सील ट्रफमधले पाणी आटलेले, पीपहोल उघडी, पेंटहाऊसच्या (बॉयलरच्या छतावरच्या बंदिस्त जागेच्या) फटी, दुसऱ्या पासमधली (धूर खाली वळतो त्या भागातली) मॅनहोल. भट्टीचा ड्राफ्ट (आतला दाब) उणे ५ ऐवजी उणे १५ मिमी ठेवला की या फटी जोरात ओढतात. रात्री बॉयलरभोवती फिरताना फटीशी हात धरला तर आत ओढणारी हवा कळते आणि शिट्टीसारखा आवाजही येतो.

ही दुसरी वाट कार्बनशीही जोडलेली आहे. ऑक्सिजनचा प्रोब इकॉनॉमायझरनंतर (धुराच्या उष्णतेने पाणी तापवणाऱ्या नळ्यांनंतर) बसलेला असतो. मधल्या फटींतून हवा शिरली की तो ३.६ दाखवतो आणि बर्नरपाशी मात्र ऑक्सिजन २ च्या खाली असतो. ऑपरेटर हवा पुरेशी आहे असे समजून एफडी फॅन (हवा पुरवणारा पंखा) कमी करतो, राखेतला कार्बन चढतो. पाण्याने थंड ठेवलेल्या प्रोबने भट्टीच्या बाहेरच्या तोंडाशी ऑक्सिजन मोजा. तिथला आणि इकॉनॉमायझरनंतरचा आकडा यांत १ टक्क्याहून जास्त फरक असेल तर आधी फटी बुजवा, मग हवेचा विचार करा. कार्बन मोनॉक्साइड मोजण्याची सोय असेल तर ते १०० पीपीएमच्या आत राहते तोवर हवा उतरवता येते.

२.१ टक्के कार्बनची किंमत काढू. आपल्या व्होलाटाइल-बहुल कोळशाला ०.८ पर्यंत यायला अडचण नाही. राख ४० टक्के, त्यातली ८० टक्के उडती, जास्तीचा कार्बन १.३ टक्के, कार्बनचा उष्मांक ८,०८०. दर किलो कोळशामागे सुमारे ३४ किलोकॅलरी न जळता ईएसपीत (धुरातली राख पकडणाऱ्या यंत्रणेत) जातात, म्हणजे इंधनाच्या साधारण ०.९ टक्के. युनिटमागे २५. कोळशात राख एवढी असल्यामुळे आपल्याकडे कार्बनचा एक टक्का फार महाग पडतो.

मिलचा चाळणी अहवाल मागवला की सगळे २०० मेशचा (बारीक चाळणीचा; ५० मेश जाड) आकडा वाचतात: ७० टक्के खाली गेला, बरे झाले. कार्बन मात्र ५० मेशवर राहिलेल्या जाड दाण्यांतून येतो. ते १–२ टक्क्यांच्या आत हवेत. ७० टक्के बारीक असूनही ५० मेशवर ४ टक्के असू शकतात, मग क्लासिफायरच्या (जाड दाणे मिलमध्ये परत पाठवणाऱ्या भागाच्या) पात्यांना भोके पडली आहेत किंवा त्यांचे कोन एकसारखे नाहीत, असे समजा. रोलर झिजले आणि बाऊल-रोलर अंतर वाढले की दोन्ही आकडे बिघडतात. नमुना चारही पाइपांतून वेगवेगळा, वेग जुळवून घ्यायचा. एकाच पाइपातून घेतलेला नमुना काहीच सांगत नाही, कारण कोपऱ्या-कोपऱ्यांत कोळसा असमान वाटला जाणे हेसुद्धा कार्बनचे कारण असते. पाइपांतले ऑरिफिस झिजून मोठे झालेले असतील, तर मिलमधून नुसती हवा सोडून चारही पाइपांतला वेग ५ टक्क्यांच्या आत जुळतो का ते पाहा.

आता टर्बाइन. कोल्ड रिहीट १० अंशांनी गरम म्हणजे एचपी सिलिंडरची कार्यक्षमता सुमारे ६ टक्केबिंदूंनी घसरली (या दाबांना १ अंश म्हणजे ०.६ बिंदू), आणि त्यामुळे सुमारे २८ किलोकॅलरी गेल्या. कारण सीलांच्या वाढलेल्या फटी, पात्यांवर बसलेला सिलिका, किंवा झिजलेली पाती. पण सिलिंडर उघडायचा निर्णय घेण्याआधी एक गोष्ट तपासा. एचपी बायपास (मुख्य वाफ एचपी सिलिंडर टाळून नेणारी ओळ) कोल्ड रिहीटच्याच ओळीत येऊन मिळतो. तो गळत असेल आणि तापमान त्या जोडानंतर मोजले जात असेल, तर ६–७ टन गळतीने मिश्रणाचे तापमान सव्वा-दीड अंशाने चढते आणि दोष सिलिंडरच्या माथी जातो. दहाचे दहा अंश एवढ्या गळतीने होत नाहीत. तरीही जोडाच्या आधी, एचपीच्या एक्झॉस्टपाशी कॅलिब्रेट केलेला थर्मोकपल लावून मोजा. ओव्हरहॉल हे सगळ्यांत महाग काम आहे, त्याचा निर्णय पॅनेलवरच्या एका आकड्यावर घेऊ नये.

आतापर्यंतचे जोडले तर १७४ झाले: ५०, २०, १६, ५, ३०, २५, २८. उरलेले वीस-एकवीस ड्रेनमध्ये आणि मेकअपमध्ये आहेत. मुख्य वाफेच्या ड्रेनमधून तासाला १ टन वाफ कंडेन्सरकडे गळाली की ०.३ मेगावॅट जातात, युनिटमागे साडेतीन किलोकॅलरी. ही गळती मेकअपमध्ये कधीच दिसत नाही, पाणी कंडेन्सरमध्येच परत येते. संच सुरू होऊन चार तास झाल्यावर प्रत्येक ड्रेन व्हॉल्व्हच्या पुढे, एक मीटरवर, पाइपाला तापमापक लावा. ६०–७० अंशांच्या वर असेल तर तो गळतो. कोल्ड स्टार्टनंतर गळती हमखास वाढते, कारण घाण बसून सीट कापली जाते. मोटरने बंद केलेले व्हॉल्व्ह गरम झाल्यावर हाताने एकदा पुन्हा आवळणे, एवढ्याने अर्धे प्रश्न सुटतात. मेकअप २.२ टक्के म्हणजे तासाला १५ टन. चांगल्या संचात तो १ टक्क्याच्या आत असतो. सीबीडी (बॉयलरच्या ड्रममधून सतत सोडले जाणारे पाणी) गरजेपेक्षा उघडा, सूटब्लोअरचे (काजळी झाडणाऱ्या वाफेच्या नळ्यांचे) पॉपेट व्हॉल्व्ह गळके, व्हेंटवर कायमचा वाफेचा झेंडा, या सगळ्यांची यादी पाळीप्रमुखाने रोज फिरून करायची.

ऑक्झिलरीचे ९.६ टक्के ग्रॉस हीट रेटमध्ये (बनलेल्या सगळ्या युनिटांवरच्या) येत नाहीत, पण नेटमध्ये (बाहेर पाठवलेल्या युनिटांवरच्या) प्रत्येक टक्का ३० किलोकॅलरींचा आहे. आयडी फॅनचे कारण वर आले. दुसरा मोठा ग्राहक बॉयलर फीड पंप. फीड रेग्युलेटिंग स्टेशनवर (बॉयलरला जाणारे पाणी व्हॉल्व्हने नियंत्रित करतात तिथे) दाबातला फरक १५ किलो ठेवून व्हॉल्व्हने पाणी आवळले जात असेल, तर तो फरक ५–६ वर आणून स्कूपने (पंपाच्या कपलिंगमधले तेल कमी-जास्त करणाऱ्या नळीने) पंपाचा वेग उतरवा. पंपाचा रिसर्क्युलेशन व्हॉल्व्ह गळत असेल तर तेच पाणी पुन्हा पुन्हा दीडशे किलोच्या वर ढकलले जाते. त्याच्या ओळीला कान लावला तरी कळते.

शेवटी लोडचा प्रश्न, कारण यापुढे हा संच दुपारी १९५ वर राहणार नाही. सौरऊर्जा वाढल्यामुळे किमान लोड ५५ टक्क्यांवर आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर नेण्याचे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये केले. ११५ मेगावॅटला पूर्ण १५० किलो दाब धरून ठेवला तर कंट्रोल व्हॉल्व्हवरच दाब जाळला जातो. दाब लोडबरोबर उतरवला तर ते नुकसान टळते, फीड पंपाची वीजही उतरते आणि एचपी एक्झॉस्टचे तापमान फारसे कोसळत नाही. चार मिल अर्ध्या भाराने चालवण्यापेक्षा तीन नीट भरून चालवा, ज्योतही स्थिर राहते. ऑक्सिजनचा सेट पॉइंट लोडनुसार बदलता ठेवा: पूर्ण लोडला ३.५, ५५ टक्क्यांना ५–६. ऑपरेटर दुपारी हवा वाढवतात आणि संध्याकाळी लोड चढल्यावर ती उतरवायला विसरतात, म्हणून हा वक्र कंट्रोल सिस्टिममध्येच घाला.

वरची सगळी मोजणी एका बैठकीत करा. लोड २०० वर दोन तास बांधून ठेवा, सूटब्लोइंग आधी उरकून घ्या, सीबीडी आणि मेकअप तेवढ्यापुरते बंद, मिल तीच, टिल्ट तेच. दर दहा मिनिटांनी नोंद घ्या, आणि कोळसा व राखेचे नमुने त्याच दोन तासांतले असू द्या. कंडेन्सर साफ झाल्यावर, हीटर आल्यावर आणि प्रीहीटरचे सील बदलल्यावर हीच चाचणी त्याच लोडला पुन्हा घ्या. थंड पाणी जानेवारीत २५ अंश आणि जुलैत ३२ असते, म्हणून आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच पाण्याच्या तापमानावर दुरुस्त करूनच शेजारी लिहा.